सातवं पाकीट

ऑक्टोबरचा पहिला सोमवार म्हणजे हार्लन फोर्कच्या हायस्कुलात पाकिटांचा दिवस. व्हर्ना लिंडक्विस्ट सकाळी आठला टाइपरायटरवरचं कापड काढायची, कॉफीचा मग उजव्या हाताला ठेवायची आणि नाताळच्या सुट्टीतल्या मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेची सात निमंत्रणं टाइप करायची. मजकूर दरवर्षी तोच. ‘आपल्या संघाच्या स्वागतासाठी आमचं गाव आणि आमची घरं आतुर आहेत. कृपया १५ ऑक्टोबरपर्यंत होकार कळवावा.’ सहा पाकिटं दुपारच्या टपालात जायची. सातवं पाकीट ग्रे विलोच्या शाळेचं. ते टेबलाच्या खालच्या खणात जायचं आणि सतरा तारखेला बाहेर यायचं.

यात लबाडी मुळीच नव्हती. ही पद्धत होती. जिल्ह्यातल्या एकूण एक शाळेला निमंत्रण गेलंच पाहिजे, असा क्रीडा मंडळाचा नियम होता आणि हार्लन फोर्क हे नियम पाळणारं गाव होतं. निमंत्रण जायचं. मग मुख्याध्यापक टाफ्ट स्वतःच्या सुवाच्य अक्षरात स्पर्धेच्या नोंदवहीत लिहायचे, ‘ग्रे विलो : निमंत्रण दिले. मुदतीत उत्तर नाही.’ रिकाम्या जागी दोनशे मैलांवरचा एखादा संघ बोलावला जायचा आणि सगळे म्हणायचे, काय करणार, त्या लोकांना वेळेचं भानच नाही.

गावाची आणखी एक पद्धत होती आणि तिचा गावाला फार अभिमान होता. बाहेरगावच्या मुलींना हॉटेलात उतरवायचं नाही. तीन दिवस त्या गावातल्या घरांत राहायच्या. कुणाकडे चौघी, कुणाकडे तिघी. सकाळी दालचिनीचे रोल, घरच्या मुलीच्या शेजारी अंथरूण, निघताना गळामिठी. हार्लन फोर्कचा पाहुणचार चार जिल्ह्यांत माहीत होता.

ग्रे विलो नदीपलीकडे, नव्वद मैल आत होतं. सरकारनं तिथल्या मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेली वस्ती. बाकीची सगळी जमीन ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली. त्यांच्या मुली मैदानात धावल्या असत्या तर गावाची हरकत नव्हती. त्या गावाच्या गाद्यांवर झोपल्या असत्या, तिथे हरकत होती. हे कुणी कधी बोललं नाही. खण होता ना, बोलायचं कशाला?

व्हर्नाला यात आपलं काही आहे असं अकरा वर्षांत वाटलं नव्हतं. खण शाळेचा, पाकीट शाळेचं, शिक्का टपालखात्याचा. तिची फक्त बोटं.

त्या सोमवारी दुपारी, सहा पाकिटं गेल्यावर, कार्यालयात एक उंच माणूस आला. टोपी काढून त्यानं काउंटरवर रबरबँड लावलेला एक गठ्ठा ठेवला. ग्रे विलोच्या संघाचा प्रशिक्षक, एमेट स्टँडिंग क्रेन. नव्वद मैल गाडी चालवून आला होता.

“नमस्कार बाई. यंदाचं पाकीट हातीच न्यावं म्हटलं. तुमच्या टपालाचं आमच्या नदीशी काहीतरी वाकडं दिसतंय.”

“म्हणजे?”

त्यानं पाकिटं पत्त्याच्या पानांसारखी एकेक मांडली. अकरा. “शिक्के बघा. सतरा ऑक्टोबर. सतरा. सतरा. मधे दोनदा अठरा, त्या दोन्ही वर्षी सतराला रविवार होता. आत लिहिलंय पंधरापर्यंत कळवा. मी गणित शिकवतो बाई, एवढी वजाबाकी येते मला.”

व्हर्नानं कॉफीचा मग उचलला. तो रिकामा होता.

“भांडायला नाही आलो,” तो म्हणाला. “आमची रोझेला शेवटच्या वर्षाला आहे. या भागात विद्यापीठांची माणसं मुली बघायला येतात ती फक्त तुमच्या स्पर्धेला. आमच्याकडे नव्वद मैल आत कोण तडमडतंय? तिची मावशी तिच्यापेक्षाही बरी खेळायची. तिलाही कुणी बघितलं नाही. आता पेट्रोलपंपावर असते. गिऱ्हाईक नसलं की कागदाचे बोळे कचऱ्याच्या डब्यात फेकते. एक चुकत नाही.”

व्हर्ना वाकली. खालचा खण उघडला. तासाभरापूर्वी ठेवलेलं पाकीट वरच होतं. ते तिनं त्याच्या हातात दिलं. एमेटनं आधी खणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काउंटरवरच पाकीट फोडलं, होकारावर सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

“तारीख घाला बाई. ठळक घाला.”

गुरुवारी स्पर्धा समितीची बैठक भरली. टाफ्टसाहेबांनी तो होकार दोनदा वाचला. “वा! यंदा अगदी वेळेत,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पायाला बूट चावत असलेल्या माणसासारखा झाला.

मग निवासाची यादी फिरली. ती मिसेस प्रिचर्डच्या ताब्यात असायची. सहा संघांना पाच मिनिटांत घरं मिळाली. ग्रे विलोच्या नावापुढे पेन थांबलं.

“आमच्याकडे यंदा सासूबाई येतायत,” एकीनं सांगितलं.

“आमच्या पाहुण्यांच्या खोलीत शिवणयंत्र ठेवलंय.”

“आमचा कुत्रा अनोळखी माणसांवर फार भुंकतो हो.”

“मागच्या वर्षी नव्हता भुंकत?” व्हर्नानं विचारलं. ती इतिवृत्त लिहायला बसली होती. इतिवृत्त लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं.

“मागच्या वर्षी मुली... आपल्यातल्या होत्या.”

“दोनशे मैलांवरच्या?”

मिसेस प्रिचर्डनं चष्मा काढून पुसला. ती चर्चमध्ये लहान मुलांना शेजारधर्म शिकवायची. “व्हर्ना, मी त्यांच्या भल्यासाठीच म्हणते गं. त्या बिचाऱ्यांनाच संकोच वाटेल. आपल्या घरात वावरायचं कसं, कळायचं नाही त्यांना. शिवाय उद्या काही हरवलं तर उगाच त्यांच्यावर आळ. आपल्यालाच वाईट वाटेल.”

हरवण्याची गोष्ट त्या खोलीत निघावी, हे व्हर्नाला ऐकवेना. अख्ख्या मैदानी मुलखातून ज्यांची जमीन हरवली, त्यांच्या पोरींपासून चमचे जपायचे होते.

“कुस्तीच्या गाद्या टाकू की जिममध्ये,” कुणीतरी सुचवलं. “मजा वाटेल त्यांना.”

“माझ्याकडे चौघी येतील,” व्हर्ना म्हणाली. “दोनच खोल्या आहेत, पण मावतील. राहिल्या आठ. दोन घरं हवीत. या खोलीत बावीस घरं बसलीत. मला दोन द्या.”

बावीस घरं गप्प बसली. ज्यांच्या लग्नात ती करवली होती ती, ज्यांच्या मुलांचे दाखले तिनं टाइप केले ती, दर रविवारी तिचा हात हातात घेऊन ‘शांती असो’ म्हणणारी. कुणीतरी दालचिनीच्या रोलचं ताट पुढे सरकवलं. सगळ्यांनी एकेक घेतला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

“मग ठरलं,” टाफ्टसाहेब म्हणाले. “व्हर्ना, एक छोटंसं पत्र टाइप करा. निवासव्यवस्थेतील अपरिहार्य अडचणींमुळे निमंत्रण खेदपूर्वक मागे...”

“नाही.”

“काय?”

“अकरा वर्षं मी त्यांचं पत्र खणात दाबून ठेवलं. कुणी मला मारून मुटकून लावलं नव्हतं, तुम्ही नुसतं ‘सतराला टाका’ म्हणायचात आणि मी टाकायची. ते मी सहीनिशी लिहून देते. पण हे पत्र माझ्या बोटांनी होणार नाही.”

“व्हर्ना, नोकरीचा विचार करा.”

“केला. किल्ल्या टेबलावर आहेत. खालच्या खणाची तेवढी जपा साहेब. शाळा चालते ती त्या खणावर.”

ते पत्र टाफ्टसाहेबांनी स्वतः दोन बोटांनी टाइप केलं. ‘खेदपूर्वक’ तीनदा चुकलं. मग टपाल कचेरी बंद होण्याआधी ते स्वतः गाडी काढून गेले. अकरा वर्षांत हार्लन फोर्कहून ग्रे विलोला पहिल्यांदाच एक पत्र लिहिल्या दिवशी निघालं.

व्हर्नानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बाकीच्या सहा शाळांना पत्रं लिहिली. हातानं. आपण काय केलं, किती वर्षं केलं, कुठल्या तारखांना केलं, सगळं. खाली आणखी चार ओळी. त्याच दिवसांत ग्रे विलो स्वतःची स्पर्धा भरवत आहे, याल का? एमेटला आधी फोनवर विचारलं होतं. तो इतका वेळ हसला की आता फोन ठेवून देईल असं तिला वाटलं. “बाई, येणार कोण?” मग म्हणाला, “भरवू.”

चार शाळांचं मुदतीत उत्तर आलं नाही. दोन शाळा यायला तयार झाल्या. एकीच्या प्रशिक्षिकेनं तळाला खरडलं होतं, ‘हे आम्हाला माहीत नव्हतं असं लिहिणार होते. खोडलं. आम्ही कधी विचारलंच नाही.’ व्हर्नानं विद्यापीठांनाही लिहिलं होतं. त्यांतल्या एकाचा माणूस स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. एकच. पण रोझेलाला कुणी गौरवायला नको होतं, तिला फक्त कुणीतरी बघायला हवं होतं.

नाताळनंतरच्या तिसऱ्या दिवशी व्हर्ना ग्रे विलोला पोचली. शाळेच्या दारावर निवासाची यादी चिकटवली होती. पाहुण्या मुली चोवीस. नाव नोंदवलेली घरं एक्केचाळीस. यादीपुढे दोन बायका तावातावानं भांडत होत्या.

“तुला दोन मिळाल्या, मला एकही नाही. मी सूप दहा जणींचं केलंय!”

“तू नाव उशिरा दिलंस, मी काय करू?”

उशिराचा शब्द ऐकून व्हर्ना भिंतीकडे सरकली. तिचं नाव यादीत शेवटी होतं, रोझेलाच्या आजीच्या घरापुढे. घर शाळेच्या मागेच. दारात एक बुटकी म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. आतून तळलेल्या रोटीचा वास येत होता.

“तू ती पत्रवाली ना?” म्हातारीनं विचारलं.

“हो.”

“खणात ठेवायचीस ती?”

“हो.”

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. नजरेत माया नव्हती. व्हर्नानं ती मागितलीही नव्हती. मागे पेट्रोलपंपाचं जाकीट घातलेली एक बाई जेवणाची ताटं मांडत होती. ती थांबली. तिनंही पाहिलं. व्हर्नाचे पाय उंबऱ्याबाहेर खिळले. बावीस घरांपुढे ताठ बोललेली बाई, तिला एका घरात शिरवेना.

“आता तिथे काय उभी आहेस?” म्हातारी खेकसली. “अकरा वर्षं उशीर केलास, तेवढा पुरे. आत ये. जेवण निवतंय.”