कुंडीच्या बुडाखालची अक्षरं

शनिवारी सकाळी कालेसिता चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेली आणि कप हातातच राहिला. आदल्या दिवशी दुकानातून आणलेल्या दोन्ही हंसझाडांखाली, रुईच्या जातीच्या त्या रोपांखाली, तिनं पाळलेल्या फुलपाखरांच्या अळ्या पडल्या होत्या. काळे, पिवळे, पांढरे पट्टे तसेच होते, पण अंग पिळलेल्या चिंधीसारखं. दोघीतिघी अजून वळवळत होत्या, तोंडातून हिरवं पाणी गाळत. तिनं गुडघे टेकले आणि मोजलं. नऊ.

बारापैकी नऊ! टोंगन चर्चच्या रविवारच्या वर्गात कालेसिता शिकवायची. तिच्या बारा मुलांनी एकेक अळी आपली म्हणून वाटून घेतली होती, बायबलातली नावंही ठेवली होती. सगळ्यात लठ्ठ होता तो गल्याथ. तो पानाखाली आडवा झाला होता, आणि त्याला मारणारा दावीदही त्याच्या शेजारीच मरून पडला होता.

फेब्रुवारीत उन्हाळा सरू लागला की मांगेरे उपनगरात घरोघरी हीच रड. अळ्या उदंड आणि पान नाही. तिच्या जुन्या झाडांच्या खाऊन खाऊन नुसत्या काड्या झाल्या होत्या, म्हणून तर ही नवी आणली. वाचल्या त्या तीन लहानग्या. जुन्या झाडाच्या शेवटच्या दोन पानांना अशा चिकटून बसल्या होत्या की काल त्यांना हलवायला तिचं मन झालं नाही.

तेवढ्यात तिची धाकटी बहीण फुसी आली. बघून ती म्हणाली, “ताई, या तिघींना भोपळ्याची फोड दे की. सगळे देतात.”

“मोठ्या झालेल्या खातात भोपळा. या तांदळाएवढ्या आहेत. यांना हंसझाडाचंच पान लागतं, आणि ही दोन पानं संध्याकाळपर्यंत संपतील.”

“मग दुकानातून दुसरं झाड...”

“दुसरं विष?” एव्हाना नऊही अळ्यांची वळवळ थांबली होती; कालेसितानं त्या रिकाम्या लोण्याच्या डब्यात ठेवल्या. “गाडी काढ.”

दुकानात दारातच हंसझाडांचं टेबल मांडलेलं. वर केशरी फुलपाखराचं भलंमोठं चित्र आणि खाली, ‘फुलपाखरांना घरी बोलवा!’ तिनं डबा त्या चित्राखालीच ठेवला आणि झाकण काढलं. क्रेग नावाचा तरुण व्यवस्थापक धावत आला.

“मॅडम, वाईट वाटलं. पण मावा पडू नये म्हणून झाडांवर औषध मारावंच लागतं. तशी सूचना दिलेली असते आम्ही.”

“कुठं?”

त्यानं एक कुंडी उचलली, उलटी केली, माती सांडू नये म्हणून तळहात धरला आणि बूड दाखवलं. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं होती: सहा आठवडे या झाडावर अळ्या सोडू नयेत.

कालेसिता ती अक्षरं बघतच राहिली. वर मायेचं चित्र आणि आत विष! हा तर पूतनामावशीचाच धंदा, फक्त मावशीनं बारीक अक्षरात सूचना छापून हात झटकले नव्हते.

“म्हणजे मी झाड डोक्यावर उलटं धरून विकत घ्यायचं होतं?”

“ताई, चूक आपलीच,” फुसी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. “अळ्यांना वाचायला शिकवलंच नाही आपण.”

“पैसे परत देतो ना मी,” क्रेग म्हणाला.

“पैसे खातात का त्या? उद्या बारा मुलं माझ्यापुढं बसतील. त्यांना काय सांगू, तुमच्या अळ्यांनी बूड वाचलं नाही?”

आणि तिनं पहिली कुंडी आडवी केली. मग दुसरी. मग तिसरी. बुडं गिऱ्हाइकांकडे, पानं भिंतीकडे.

“हे काय करताय तुम्ही?”

“वाचायला ठेवतेय. सूचना दिलीय म्हणालात ना? मग दिसू दे की लोकांना!”

क्रेग एक कुंडी उभी करायचा, तोवर तिच्या दोन आडव्या व्हायच्या. चर्चमध्ये वाद्यांशिवाय गाणं उचलून धरणारा तिचा आवाज गवत कापायच्या यंत्रांपर्यंत पोचत होता. “या, वाचून बघा! फुलपाखरांना घरी बोलवा आणि वाढा विष!”

एक बाई ढकलगाडीतली दोन हंसझाडं घेऊन थबकली. वाकून तिनं बूड वाचलं आणि दोन्ही झाडं परत टेबलावर ठेवली. “बहिणीला देणार होते मी ही. तिच्या नातवंडांनी अळ्या पाळल्यात.” मग डब्यात बघून हळूच विचारलं, “सगळ्या गेल्या?”

“तीन आहेत. पान नाही.”

“मी मारामा. इथं पापाटोएटोएलाच राहते. कुंपणाशी माझं हंसझाड आहे, डोक्याएवढं उंच, थेंबभर औषध नाही. चला, हव्या तेवढ्या फांद्या तोडून देते.”

फुसीनं किल्ल्या काढल्याच होत्या. कालेसिता मात्र हलेना.

“फुसी, तू जा यांच्याबरोबर. आधी त्या तिघींना पान दे आणि मला फोन कर. मी बसनं येईन.”

“आणि तू काय करणार इथं?”

“पाटी लागेपर्यंत उभी राहणार.”

तोवर गिऱ्हाइकं जमली होती. क्रेगनं घाम पुसला, आतून पुठ्ठा आणि जाड पेन आणलं, लिहिलं आणि टेबलावर टेकवलं: ‘या झाडांवर कदाचित औषधाचा अंश असू शकतो.’

कालेसितानं डबा उचलून त्याच्या नाकापुढं धरला. “या कदाचित मेल्यात का?”

“मॅडम, वरिष्ठांना विचारल्याशिवाय मला...”

“विचारा. मला घाई नाही.”

क्रेग फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलला. परत आला, खाली वाकला आणि ‘कदाचित’वर आडवी रेघ मारली. तेवढ्यात कालेसिताचा फोन वाजला.

“चढल्या गं ताई,” पलीकडून फुसी ओरडली. “तिन्ही चढल्या नव्या पानावर! एक तर कडेनं कुरतडायलाही लागली. आता ये घरी!”

“देवाचे उपकार,” कालेसिता म्हणाली. तिनं डोळे मिटून क्षणभर मान खाली घातली, फोन पर्समध्ये टाकला आणि क्रेगच्या हातातल्या पेनाकडे बोट दाखवलं.

“बरं. आता ते ‘असू शकतो’ खोडा, ‘आहे’ लिहा.”