सूप थांबल्यावर

मारोतराव जिनिंगच्या फाटकात येऊन उभे राहिले, तेव्हा पुंजाजी सरकीचं पोतं पाठीवर घेऊन चालला होता. त्याने पाहिलं, पण पोतं खाली टाकलं नाही. ते थप्पीला लावलं, डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि मग फाटकापाशी आला.

मारोतराव म्हणजे अकोल्याच्या एका नाटक मंडळीचे मालक. नाटक बसवायचे तेच, तिकिटं विकायचेही तेच. पुंजाजीने त्यांच्याकडे तीन हंगाम काढले होते. पडदे ओढले, पेट्या वाहिल्या आणि दुसऱ्या अंकात पोलीस होऊन "चला" एवढं म्हटलं.

"पाटलाचं काम करनारा नागपूरले नोकरीवर लागला," मारोतराव म्हणाले. "शनिवारी इथं वाशिमले खेळ हाय. मंग मेहकर, मंग पुढं दोन महिने दौरा. पाटील तुले पाठ हाय ना?"

"हाय."

"समदा?"

"समद्याईचंच पाठ हाय."

"मंग उद्या दुपारी फूलचंद शेठच्या गोदामात ये. तालीम तिथंच हाय." मारोतराव निघाले आणि परत वळले. "तुह्या बायकोचं समजलं मले. लय वाईट झालं. काम धर बाप्पा. घरी बसून मानूस येडा होते."

पंचफुलाला जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. दिवाळीनंतर तिला कावीळ झाली. मेडशीच्या वैद्याचं औषध झालं, मग मोठा दवाखाना झाला, आणि एका सोमवारी सगळं संपलं.

ज्या कामासाठी पुंजाजीने अकरा वर्षं काढली, ते काम चालत फाटकापर्यंत आलं होतं. घरी जाऊन कुणाला सांगावं, तर घरी कुणी नव्हतं.

पुंजाजी अनसिंगचा. शाळा चौथीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडून वाचायचा. पंचफुलाला तेवढंही येत नव्हतं, पण तिच्या डोक्यात एकदा गेलेलं बाहेर पडत नसे. तो अंगणात बसून नाटकाचं पान मोठ्याने वाचायचा. तीन वेळा, चार वेळा. चौथ्या वेळी ती म्हणायची, "झालं. आता बुक ठेवा खाली." मग त्याचं काम तो करायचा आणि बाकीची सगळी माणसं ती. फौजदार ती, सून ती, घरातला गडीही तीच.

हे सगळं ती हातातलं काम न सोडता करायची. बहुतेक वेळा तूर नाहीतर ज्वारी पाखडताना. तो बोलत असला की सूप चालू असायचं. तिची पाळी आली की सूप थांबायचं. ती तिचं वाक्य म्हणायची आणि सूप तसंच धरून त्याच्याकडे पाहत राहायची. तो बरोबर बोलला की पुन्हा सूप चालू. चुकला की सुपावर एक टिचकी.

पुस्तकातलं शुद्ध बोलणं तिच्या तोंडात टिकत नसे. पाटील आपल्याच पोराविरुद्ध साक्ष देऊन घरी येतो. पुस्तकात सून त्याला विचारते, "मामंजी, तुम्ही खरं ते सांगून आलात का?" पंचफुला म्हणायची, "मामाजी, तुमी खरं सांगून देल्लं काय?"

याचा एकदा घोळ झाला होता. अडुसष्ट साली अमरावतीच्या एका स्पर्धेत गावच्या मंडळाने नाटक नेलं. समोरच्या नटाने त्याचं वाक्य छापल्यासारखं म्हटलं आणि पुंजाजीला ते ओळखूच आलं नाही. तो नुसता उभा राहिला. लोक हसले. घरी येऊन सांगितलं तर पंचफुलाचं तोंड उतरलं. "माह्याच्यानं झालं," ती म्हणाली. त्यानंतर आठ दिवस ती जीभ वळवून "मामंजी, मामंजी" करत होती आणि शेजारच्या बाया पदराआड हसत होत्या.

नाटकाने पोट भरत नव्हतं. पुंजाजीने दिवाळीच्या आधी घरांना चुना मारला, जिनिंगमध्ये हमाली केली, फिरत्या टॉकीजच्या टांग्यात बसून भोंग्यावर शिनेमाची जाहिरात केली. त्या भोंग्याने त्याचा आवाज मोडला. साधं बोलणंही जाहिरातीसारखं निघायचं. मारोतराव म्हणाले होते, "तू बोलत नाई, दवंडी देतं. तुले पोलीसच बरा."

दुष्काळात दोघंही शिरपूरच्या रस्त्यावर खडी फोडायला होते. तिथेही ती टोपलं डोक्यावर घेऊन जाता जाता फौजदाराचं वाक्य टाकून जायची आणि हा हातोडा मारता मारता उत्तर द्यायचा. मुकादम तावातावाने आला. "काय लावलं हे? हे काय थेटर हाय?" पंचफुला म्हणाली, "खडी फुटून राह्यली ना? मंग तोंडाचं काय करता तुमी?" दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मुकादमच बाया-माणसांना गोल बसवू लागला.

बुधवारी दुपारी गोदामात तालीम लागली. सुनेचं काम तारामतीकडे होतं. ती अकोल्याची, वीस वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई. पान चघळत तालीम करायची, पण एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही.

"मामंजी, तुम्ही खरं ते सांगून आलात का?"

पुंजाजी गप्प.

तिने पुन्हा म्हटलं. पुंजाजी तिच्याकडे पाहत उभा. पुस्तक धरून बसलेल्या माणसाने हळूच पुढचे शब्द सुचवले, "सांगितलं, सूनबाई..."

"मले माहीत हाय," पुंजाजी म्हणाला.

"माहीत हाय तं बोला ना," तारामती म्हणाली. "का माह्या तोंडाकडं पाहाले आले तुमी?"

सगळे हसले. पुन्हा सुरुवात झाली. प्रत्येक वेळी तेच. शब्द जिभेवर होते, पण निघत नव्हते. शेवटी निघाले ते भोंग्यावरून निघाल्यासारखे. गोदामाच्या पत्र्यावरचे पारवे उडाले.

मारोतरावांनी कपाळावर हात मारला. "पुंजाजी, शुक्रवारपर्यंत वाट पाहतो. नाईतर मीच दाढी लावतो अन् उभा राह्यतो. तुले मंग पडदा हायच."

एस.टी.ने घरी येताना त्याला कळलं. तारामतीचं काही चुकत नव्हतं. तो सूप थांबायची वाट पाहत होता.

सूप खुंटीलाच होतं. चौदाव्या दिवशी पंचफुलाची बहीण आली आणि लुगडी घेऊन गेली. सुपाकडे तिने हात केला तेव्हा पुंजाजी म्हणाला, "ते राहू दे." का ते त्यालाही सांगता आलं नसतं. सुपाच्या कडेला तुरीचा भुसा अजून होता. त्याने सूप खाली काढलं नाही, पुसलं नाही.

गुरुवारी तो शेजारी गोजराबाईकडे गेला. म्हातारी ओट्यावर ज्वारीतले खडे वेचत होती.

"गोजरामाय, माह्यं एक काम हाय."

"पैशाचं नको सांगू."

"पैशाचं नाई. मी नाटकातलं बोलतो, तू मधात सुनेचं बोल. पंचफुला म्हने तसं."

म्हातारीने चष्म्यावरून पाहिलं. "अरे वा! तुमी नवरा-बायको इतके वर्षं अंगनात पाटील-पाटील खेळले, अन् आता या वयात मले सूनबाई करतं? माह्या सुना हासतीन ना मले."

तो तिथेच खाली बसला. तिने थोडा वेळ खडे वेचले.

"सुनेचं मले येतेच," ती म्हणाली. "सुनेचं मीच म्हनत व्हती."

"तू कवा म्हने?"

"तू हमालीले गेला का मंग. ती पाटील होये, अन् मी सून. म्हने, त्याईचं चुकलं तं मले समजलं पायजे, म्हनून मले समदं पाटलाचं आलं पायजे. रोजच्या रोज. मले तं कंटाया येऊन जाये."

पुंजाजीला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षांत ती त्याला हे बोलली नव्हती.

"कशी म्हने ती पाटलाचं?"

"मले तसं येते का बाप्पा?" असं म्हणून म्हातारीने हातातली ज्वारी खाली ठेवली. मान थोडी खाली घातली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "सांगतलं, सूनबाई. आता या घरात मले कोनी हाक मारू नका."

तेवढं बोलून पुन्हा खडे वेचायला लागली. "अशी म्हने. मी तिले म्हनो, पोरी, थो पाटील हाय, जोरात बोल. तं म्हने, ज्याचं घर बुडालं थो कायले जोरात बोलन?"

पुंजाजी घरी आला आणि दार लावून बसला. संध्याकाळी गोजराबाईने भाकर पाठवली, ती तशीच राहिली.

शुक्रवारच्या तालमीत तारामतीने विचारलं. तो जरा थांबला, पण बोलला. हळू बोलला. तारामतीने पान चघळायचं थांबवलं. मारोतराव म्हणाले, "बरं हाय. उद्या जोरात."

शनिवारी वाशिमला मैदान भरलं. बाया पुढे सतरंजीवर डाव्या हाताला, माणसं मागे. दुसऱ्या अंकापर्यंत पुंजाजी इतरांसारखाच मोठ्याने बोलला. मग तो प्रवेश आला. तारामतीने विचारलं. त्याने मान खाली घातली. सूप थांबलं आहे आणि ती ते धरून आपल्याकडे पाहते आहे, एवढंच त्याने मनात आणलं.

"सांगितलं, सूनबाई. आता या घरात मला कुणी हाक मारू नका."

मागून आरोळी आली, "आवाज!" मग दुसरी, "ओ पाटील, जेवले नाई काय?" शिट्ट्या झाल्या. पडद्याआडून मारोतराव हाताने वर, वर, असं करत होते. पुंजाजीला ते दिसत होतं. आवाज त्याला चढवता आला असता. त्याने चढवला नाही. पुढचं सगळं तसंच बोलला. मागे गलका वाढत गेला. पुढच्या सतरंजीवर मात्र एकही बाई हलली नाही. एकीने लेकराच्या तोंडावर हात ठेवला होता.

खेळ संपल्यावर मारोतराव पेटीवर बसले. राग होता, पण ओरडले नाहीत.

"पुढच्या बाया रडत व्हत्या," ते म्हणाले. "मागच्या मानसाईले एक अक्षर ऐकू आलं नाई. मी तुह्यं काय करू, सांग?"

"असंच हाय ते काम."

"असन. पन मेहकरले याच्या दुप्पट मैदान हाय. तिकीट मागच्यानंबी काढलं रायते ना? सोमवारी मागं ऐकू गेलं तं पाटील तुहा. नाई गेलं तं दाढी माही. अन् दवंडी नको देऊ, तेबी सांगून ठेवतो."

रविवारी सकाळी पुंजाजी गोजराबाईच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. ती चुलीपाशी होती.

"गोजरामाय, पाटलाचं अजून एकदा म्हन. जोरात म्हन. ती जोरात कशी म्हनली असती तसं."

म्हातारी फुंकणी हातात घेऊन तशीच बसली.

"ती जोरात कधी म्हनलीच नाई," ती म्हणाली. "ते मले कुठून येईन? ते आता तुलेच करा लागन."

तो उभाच राहिला. तिने चहा घे म्हटलं, तो नको म्हणाला.

घरी येऊन त्याने खुंटीवरचं सूप काढलं. मडक्यातली दोन मुठी तूर त्यात टाकली आणि उंबऱ्यापाशी बसला. पाखडणं त्याने कधी केलं नव्हतं. निम्मी तूर अंगणात सांडली. गोजराबाई दारातून पाहत होती. थोड्या वेळाने हाताला लय सापडली. मग त्याने सूप थांबवलं.

"मामाजी, तुमी खरं सांगून देल्लं काय?" तो म्हणाला. तिच्या बोलीतलं हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच तोंडातून काढलं होतं.

सूप तसंच धरून त्याने अंगणापलीकडे पाहिलं. पार रस्त्याच्या कडेच्या बाभळीपर्यंत. बोलणं तिथवर गेलं पाहिजे, आणि ओरडायचं नाही. त्याने श्वास घेतला.

पहिल्यांदा आवाज फाटला. त्याने सुपावर एक टिचकी मारली आणि पुन्हा पाखडायला सुरुवात केली.