कुलूप लावलेली औषधपेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो. बावड्याच्या बिरदेवच्या जीपमध्ये मधल्या सीटखाली माझी जागा. माझ्या झाकणाला मोठा पोचा आहे. गाडीचा ब्रेक करकचून लागला की माझ्या पोटातल्या बाटल्या किणकिणतात. तुम्ही म्हणाल, रस्ता खराब असेल. रस्ता खराब आहेच, पण ती किणकिण माझ्या भीतीची असते.

माझा जन्म १९९३ साली इंदापूरच्या बाजारात झाला. पत्र्याचं काम करणाऱ्या आबाजींनी मला ठोकून चौकोनी केलं, पांढरा रंग दिला आणि वर लाल फुली काढली. ती जरा तिरकीच आली. बिरदेवनं मला घेतलं ते काही हौसेनं नव्हे. गाडी पासिंगला न्यायची तर औषधपेटी दाखवावी लागते, एवढीच माझी किंमत.

मला भरलं गावच्या मोहनरावांनी. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तळाला मीठ-साखरेच्या पुड्या आणि बॅटरी, त्यावर कापूस, आयोडीनची बाटली, कात्री, चिकटपट्टी आणि सगळ्यात वर पट्ट्यांची गुंडाळी. "बिरदेवा, डोळं झाकून हात घातला तरी पट्टीच हाताला लागली पायजे," ते म्हणाले. "रगात थांबायची वाट बघत न्हाय." मग झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी एक कागद चिकटवला. त्यावर काय लिहिलं होतं ते पुढं कळेल.

पासिंग झालं आणि मी रिकामी व्हायला लागले. बिरदेवची आई बानूबाई मोठी कामसू बाई. पूर्वी त्यांची मेंढरं रानोमाळ हिंडायची, आता दारात चारच उरली होती. एका कोकराच्या खुरात काटा गेला आणि आयोडीन त्याच्या पायाला गेलं. कापसाच्या वाती झाल्या. कात्री लोकर कापायला गेली. बॅटरी घेऊन कुणीतरी उसाला पाणी द्यायला गेलं. दर वेळी बानूबाई म्हणायची, "लगीच आनून ठिवते." आणि दर वेळी तिचं खरंच मनात असायचं. मी मात्र सीटखाली थरथरत पडून असायचे. वरून सगळ्यांना लाल फुली दिसायची. पोटात काही नाही, हे मला एकटीला ठाऊक होतं.

पुढच्या पासिंगला बिरदेवनं मला उघडलं आणि त्याचं डोकंच फिरलं. त्यानं मला नव्यानं भरलं, पितळी कुलूप घातलं आणि किल्ली आईच्याच स्वाधीन केली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," शेजारची ठमाबाई हसली. बानूबाईला ते लागलं. तिनं किल्ली देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवली. आता मी भरलेली होते, पण जीप रस्त्यावर आणि किल्ली घरी. माझी जुनी भीती गेली नाही, तिनं नुसतं अंग बदललं.

गाळपाचा हंगाम चालू होता. भर दुपारी जीप इंदापूरच्या बाजाराला निघाली होती. बानूबाई पुढं, बिरदेवशेजारी बसली होती. ठमाबाई तिच्या मागच्या सीटवर. बावडा सोडून अर्धा तास झाला असेल. पुढं उसाचा ट्रॅक्टर चालला होता आणि ट्रॉलीतून उसाची टोकं मागं लोंबत होती. ट्रॅक्टर एकाएकी थांबला. बिरदेवनं ब्रेक दाबला, तरी उसाची टोकं समोरची काच फोडून आत आली.

मग पायाखालच्या पत्र्यावरून रक्ताचा एक ओघळ सरकत सरकत माझ्याकडं यायला लागला.

काचेनं बानूबाईचा उजवा हात मनगटापाशी चिरला होता. तिनं एकदा हाताकडं बघितलं आणि तिची शुद्धच हरपली. ठमाबाईनं पुढं होऊन पदराची घडी केली आणि जखमेवर दाबून धरली. पदर भिजत चालला. बिरदेवनं मला ओढून काढलं आणि कुलूप बघून जागीच थिजला.

"किल्ली घरी हाय," तो म्हणाला. "देव्हाऱ्यात."

"मग फोड की," ठमाबाई म्हणाली.

चाक खोलायची टॉमी घेऊन तो मला मारू लागला. पहिल्या घावाला झाकण चेपलं, दुसऱ्याला आतली आयोडीनची बाटली फुटली. मित्रांनो, मला माराची भीती वाटली नाही. मी उघडतच नव्हते, त्याची वाटली. पाचव्या घावाला कडी निखळली. वरच पट्टी होती, कोरडी. बिरदेव भिजलेला पदर काढायला गेला, तेवढ्यात झाकणावरच्या कागदाकडं त्याचं लक्ष गेलं. तो मोठ्यानं वाचू लागला, "रक्त आलं तर दाबलेलं कापड काढू नका. त्याच्यावरूनच घट्ट बांधा." ठमाबाईनं पदराची घडी जखमेवर तशीच ठेवून बाकीचं लुगडं फाडून सोडवलं आणि त्यानं वरून पट्टी आवळली.

इंदापूरला टाके पडले. बानूबाई वाचली. नर्सनं तिच्या कमरेची चंची सोडून बिरदेवच्या हातात दिली. सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी आणि तळाशी पितळी किल्ली. मी खाटेखाली होते, मला सगळं दिसत होतं.

बानूबाईनं डोळे उघडले तेव्हा तो किल्ली हातात धरून बसला होता.

"घरात कुनाच्या हाताला लागू न्हाय, म्हनून जवळ ठिवली," ती म्हणाली. "मला इचारायचं न्हाईस व्हय?"

"तुझं डोळं मिटलं व्हतं, आये."

परतताना कालव्यावर गाडी थांबवून बिरदेवनं किल्ली पाण्यात टाकली.

बानूबाईची दोन बोटं आता मिटत नाहीत. लोकर कातायची टकळी त्या हातानं पुन्हा फिरली नाही. ते काचेनं केलं की उशिरानं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, आणि मी ते अजून मनाला विचारते.

आता माझ्या कडीला नुसती सुतळीची सरकगाठ असते. बाजाराच्या दिवशी गाडी निघण्याआधी बानूबाई येते, डाव्या हातानं गाठ ओढते, डोळे मिटते आणि आत हात घालते. पट्टी लागली तरच ती बिरदेवला "चल" म्हणते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझ्यासारखी एखादी असेल. ती बोलणार नाही, पण घाबरलेली असेल. आज तिच्याकडं जा. डोळे मिटा, हात घाला, आणि हाताला काय लागतं ते बघा.