मुद्देमाल अकरा बाटल्या

आमच्या किनाऱ्यावर पितरांना तर्पण द्यायचं ते हॉलंडहून येणाऱ्या श्नॅप्स नावाच्या दारूचंच. पितर हयातभर ताडी प्याले, पण मेल्यावर त्यांची आवड सुधारली असावी. यंदा मात्र गावच्या पंचमंडळाला स्वाभिमानाची उबळ आली. उत्सवाचं तर्पण घरच्या अकपेतेशीचं, म्हणजे ताडीपासून गाळलेल्या आपल्या हातभट्टीचं. गाळायचा मान, दारू गाळणाऱ्या सर्वांत जुन्या घराला, आणि जुनेपण ठरणार कागदावर. तोंडी विचारलं, तर गावातलं प्रत्येक घर जगबुडीच्या आधीचं आहे.

म्हणून अराबा आमच्या दप्तरखान्यात आली. परसात तीन वर्षं भट्टी चालवत होती. हा मान मिळाला तर भट्टीचं नाव होणार. नाहीतर मामानं तिला फोनची कार्डं विकायच्या टपरीवर बसवायचं ठरवलंच होतं.

दोन आठवडे तिनं शेतीचे अहवाल चाळले. 'स्थानिक लोक काहीबाही पितात,' एवढीच नोंद मिळाली.

"पोरी," मी म्हटलं, "गोऱ्या साहेबानं आपल्या खाण्यापिण्यावर मन लावून लिहिलं ते दोनदाच. त्याचं पोट बिघडलं तेव्हा, आणि आपल्याला पकडलं तेव्हा. फौजदारी खटल्यांची बासनं उघड."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सापडलं. १९३४, पोलीस विरुद्ध एजिर्बा. अराबाची पणजी! पंचनामा असा, की वाचून कुणीही भट्टी लावावी: चार दिवस आंबवलेली ताडी, रॉकेलचे दोन डबे, पाण्याच्या पिंपातून नेलेली तांब्याची नळी. मुद्देमाल अकरा बाटल्या. सरकारी रसायनतज्ज्ञाचा शेरा: 'द्रव नितळ व आश्चर्य वाटावे इतका शुद्ध.' शिक्षा सहा महिने सक्तमजुरी. सात बाटल्या नष्ट केल्या; उरलेल्या चारांबद्दल न्यायासनाने मौन पाळलं आहे.

अराबा नाचली, आणि मग मटकन बसली. तिला कुकुआ मावशी आठवली. मावशी चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिच्या दिवाणखान्यात एजिर्बा आजीचा शुभ्र कपड्यातला फोटो, आणि चौतीस साली आजी सेकोंदीला मिशनच्या कामाला गेली होती, ही कथा तोंडपाठ.

"जाळ तो कागद," अराबानं सगळं सांगताच मावशी म्हणाली.

"सरकारी आहे, मावशी."

"मग सरकारला सांग जाळायला."

"सेकोंदीला तुरुंग होता."

"तुरुंगात माणसं नसतात? तिथंच केलं असेल मिशनचं काम!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या परवानगीशिवाय पंचांपुढे वाचलास, तर मी तुझी मावशी नाही."

पंचांसमोर अराबा खटल्याची नक्कल मांडीखाली दाबून बसली. मानावर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या घराच्या पेन्टसिल काकांनी छाती पुढे काढली. "आमची आजी सगळ्या पंचक्रोशीला पाजायची, आणि एकदाही सापडली नाही!"

"मग गाळत होती कशावरून?" मुख्य पंचांनी विचारलं.

"अहो, आजोबा पोलिसात हवालदार होते! कोण पकडणार?"

कारकुनानं गंभीरपणे लिहिलं: 'पुरावा नाही. कारण, पती पोलीस.'

काका चिडले. "आमची निदान हुशार तरी होती! समोरच्यांकडे काय? चर्चमध्ये गळा काढणाऱ्या बाया. त्यांच्या एजिर्बाला साधं पाणी उकळता येत नव्हतं!"

कुकुआ मावशी उभी राहिली. हातातल्या पंख्याची घडी घातली.

"कुणाला पाणी उकळता येत नव्हतं?"

काकांनी खुर्ची मागे सरकवली. मावशी अराबाकडे वळली.

"अराबा, वाच. रसायनवाल्याचं आधी. मोठ्यानं!"

अराबानं वाचलं. 'आश्चर्य वाटावे इतका शुद्ध'ला माना डोलल्या, तुरुंगवासाला टाळ्या पडल्या. सहा महिन्यांच्या सक्तमजुरीपुढे इतर घरांची इभ्रत टिकेना. मान अराबाला मिळाला. मामा म्हणाला, त्याला पहिल्यापासून खात्री होती.

पुढच्या मंगळवारी मावशी चष्मा पुसत माझ्या टेबलापाशी हजर.

"चौतीसनंतर आजी सुधारली, असं दाखवणारा एखादा कागद आहे का रे?"

"नाही, मावशी."

"बरं झालं. मग पस्तीस साल काढ."

शेजारच्या टेबलावर पेन्टसिल काका पोलिसांच्या जुन्या हजेरीपटात नाक खुपसून बसले होते. आजोबा घरच्या भट्टीपायी एकदा तरी निलंबित झाले असतील, अशी त्यांना आशा आहे.