मामांचं फोल्डर

"अजून किती वेळ, मॅडम? पेशंट टेबलवर घेतलाय," ऑपरेशन थिएटरची सिस्टर फोनवर विचारत होती.

"पाच मिनिटं," रक्तपेढीतून तिने थाप मारली.

दिवसरात्र चालू असणारा कॉम्प्युटर आज सकाळी वीज गेल्याने बंद पडला होता, आणि चालू केल्यापासून त्याने एकच तुणतुणं लावलं होतं: डेटाबेसचा ड्रायव्हर लोड होत नाही. ड्रायव्हर म्हणजे इनमिन एक लायब्ररी फाइल. पण ती नसेल तर प्रोग्रॅमला डेटाबेसमधलं अक्षरही वाचता येत नाही, आणि कोणती पिशवी तपासून झालीय, कोणती पेशंटला चालेल, ते सगळं त्या डेटाबेसमध्येच होतं. तिने नवी फाइल आणून प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ढिम्म फरक नाही.

"मामांचे प्रताप," मागे उभे असलेले साहेब म्हणाले. "घोळ घालून गेले आणि निस्तरायचं आपण."

मामा म्हणजे तिच्या शेजारच्या खुर्चीवरचे. प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला, तिला कामही त्यांनीच शिकवलेलं. गेल्या आठवड्यात हार्ट अटॅकने गेले. ती दातओठ खात सेटिंग वाचू लागली आणि एका ओळीशी थांबली. प्रोग्रॅम लायब्ररी शोधत होता मामांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. ते फोल्डरच जागेवर नव्हतं.

"मामांचं अकाउंट कुठंय?"

"बंद केलं. माणूस गेला की अकाउंट बंद करायचं, नियमच आहे."

"कधी केलंत?"

"गेले त्याच दिवशी."

म्हणजे आठवडाभर प्रोग्रॅम आधी लोड झालेल्या लायब्ररीवरच चालला होता; सकाळी कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा तीही गेली.

त्या दिवशी सगळा विभाग मामांच्या घरी होता. साहेब तेवढे आले नव्हते, महत्त्वाचं काम होतं म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"परत चालू करा. आत्ता."

साहेबांनी निमूटपणे केलं. फोल्डर आलं, लायब्ररी लोड झाली, पडद्यावर पिशव्यांची माहिती उमटली. तिने सिस्टरला पिशवीचा नंबर सांगितला, आणि शिपाई रक्त घेऊन धावला.

"असली फाइल कुणी स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं?" साहेबांना आता कंठ फुटला. "शुद्ध हलगर्जीपणा."

"सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवायची परवानगी तुमच्याकडेच मागत होते ते. माझ्यासमोर. तुम्ही दर वेळी म्हणायचात, बघू."

"बरं, घ्या परवानगी. त्यात काय एवढं." साहेबांनी वाकून पासवर्ड टाकला. मामांनी ज्यासाठी इतके हेलपाटे घातले, ते काम चुटकीसरशी झालं. संतापाने तिला रडू यायला लागलं. ह्या माणसासमोर रडायचं नाही म्हणून तिने गाल आतून चावला. फाइल हलवली, सेटिंगमधला पत्ता बदलला, प्रोग्रॅम पुन्हा चालवून पाहिला. चालला.

"आता ते अकाउंट फाइलींसकट कायमचं काढून टाका," साहेब म्हणाले.

"मी नाही काढणार. तुम्हीच काढा."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ते फोनवर हसत बोलत राहिले आणि बोलता बोलता मोकळ्या हाताच्या एका बोटाने त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर मामांच्या फाइली एकेक करून जाऊ लागल्या.

ती खुर्चीतून उठली. शेवटची फाइल जाईपर्यंत उभी राहिली.