बिनवासाचा रुमाल

बोलतोय तो मी, एक पांढरा हातरुमाल. माझ्या कोपऱ्यात फूल नाही, काठाला नक्षी नाही. रूपावर जाल तर फसाल, कारण माझा मोठेपणा वेगळाच आहे. मला वास नाही. कसलाही नाही. हसू नका, एवढं जमवायला किती सोसलंय ते माझं मला माहीत.

कापडाच्या थानातून मला फाडलं तेव्हा मी खळीनं कडक होतो आणि स्वतःवर खूश होतो. सूनबाईनं मला नुसत्या गरम पाण्यात बुचकळलं, पिळलं, सावलीत वाळवलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं करून परत बादलीत टाकलं. एकदा नाही, दोनदा नाही, बावीस वेळा! साबणाचा थेंब नाही की नीळ नाही. तेविसाव्या वेळी मला नाकाशी धरून तिनं डोळे मिटले आणि हुश्श केलं. त्या दिवसापासून ती जाईल तिथं मी.

सूनबाई म्हणजे टेलर मास्तरांची सून. दुकान खालच्या मजल्यावर, घर वरच्या. दुकानात दोन मशिनं, कापायचं टेबल, इस्त्री, आणि टेबलाखाली चिंध्यांची गोणी. मास्तर कापायचे, ही शिवायची. नवरा घरं रंगवायच्या कामावर. बिचारा बाहेरच्या नळावर अंगाची सालं निघेपर्यंत घासायचा आणि मगच जिना चढायचा. तरी ही वरूनच म्हणायची, आज दारं रंगवलीत, भिंती नाहीत. तो नुसता कपाळाला हात लावायचा.

मला स्वतःला नाक नाही. पण तिचा प्रत्येक श्वास माझ्यातून गाळला जायचा, त्यामुळे मला जे कळलं ते तिच्यामुळे. आणि काय सांगू तुम्हाला, काय ते नाक! आपण ज्याला हवा म्हणतो ना, ती हवा तिच्यासाठी गजबजलेला बाजार होता. बसमध्ये कोण तापातून उठून आलंय, कोणाच्या डब्याचं झाकण सैल आहे, कोणी कालचाच शर्ट घातलाय, सगळं तिला न बघता कळायचं. पावडर, अत्तर, फरशी पुसायचं औषध, नवी चप्पल, एकेक वास तिच्या डोक्यात खिळ्यासारखा जायचा. मग दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. म्हणून ती दोन स्टॉप आधी उतरून चालत यायची, लग्नात दाराजवळची खुर्ची धरायची, आणि पाहुण्यांकडे गेली की आधी खिडकी कुठे आहे ते बघायची.

लोकांना हे कुठून कळणार? ‘कसला वास? आम्हाला तर काही येत नाही,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. नात्यातल्या बायका म्हणायच्या, ही फार नाक मुरडते. मास्तर तर स्पष्टच बोलायचे, हे सगळे लाड आहेत, दोन दिवस लक्ष देऊ नकोस म्हणजे जाईल. ती उलट बोलायची नाही. मला नाकावर घट्ट धरायची आणि शिवत राहायची. मला राग यायचा हो, पण मी पडलो रुमाल.

थंडीच्या तोंडाला एक काकू कोट घेऊन आल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. उन्हाळ्यात गेले. कोट मास्तरांनीच शिवलेला होता, पंचवीस वर्षांपूर्वी. काकू म्हणाल्या, बाह्या तेवढ्या आखूड करा, आता मीच घालीन. सूनबाईनं कोट हातात घेतला आणि क्षणभर थांबली. माझ्यातून लवंग गेली, घड्याळाचं बारीक तेल गेलं, पितळ गेलं, आणि त्यामागून एक उबदार, जुना, माणसाचा वास. मला वाटलं, माणूस गेला म्हणतात, पण हा तर इथं उभा आहे! माझ्या धाग्यांवर काटा आला असता, काटा येणं मला जमलं असतं तर.

मास्तरांचा एक नियम होता. वापरलेला कपडा धुतल्याशिवाय मशिनवर चढवायचा नाही. आणि कोट धुवायचा तर आधी खांद्याच्या गाद्या उसवून काढायच्या, नाहीतर आतला कापूस भिजून गोळा होतो. दुसऱ्या दिवशी सूनबाई डोकं धरून वर झोपली होती. खाली मास्तरांनी, हे आम्हाला मागाहून कळलं, गाद्या काढून गोणीत टाकल्या आणि कोट स्वतःच्या हातानं धुतला. जुना मित्र होता ना, म्हणून सुवासिक साबणही चांगला दोनदा लावला. नव्या गाद्या बसवल्या, बाह्या आखूड केल्या, कडक इस्त्री मारली. सूनबाई खाली आली तेव्हा कोट हँगरवर झळकत होता. तिनं मास्तरांकडे पाहिलं, मग कोटाकडे, आणि तो नाकाशी नेला, माझ्यातून नुसता साबण गेला. बोलणार काय? नाकाचं बोललं की लाड ठरणार.

काकू कोट न्यायला आल्या. त्यांनी तो छातीशी धरला, कॉलरमध्ये तोंड खुपसलं, आणि तशाच राहिल्या. मग हळूच विचारलं, “धुतलात?”

मास्तर अभिमानानं म्हणाले, मळका होता वहिनी, मी स्वतः धुतला. काकूंनी मान हलवली. चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, “रोज झोपताना घेत होते जवळ. सांगायला हवं होतं मी.” आणि स्टुलावर बसल्या. मास्तरांचा चेहरा असा पडला की मला त्यांच्यावर रागावताही येईना.

तेव्हा सूनबाईनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं मला नाकावरून काढून टेबलावर ठेवलं. स्वतःहून, भरल्या दुकानात! आणि टेबलाखाली वाकून चिंध्यांच्या गोणीत चक्क तोंड घातलं. त्या गोणीत महिन्याभराच्या चिंध्या, घामट अस्तरं, मशिनच्या तेलाचे बोळे, आणि लोकांच्या कोटांतून निघालेल्या गाद्या, वीस तरी असतील. दिसायला सगळ्या सारख्याच पिवळट. ती एकेक गादी उचलून हुंगत होती. तिला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मास्तर म्हणाले, अगं राहू दे. तिनं ऐकलं नाही. एक तंबाखूची, बाजूला. एक औषधाची, बाजूला. मी टेबलावर पडल्या पडल्या बघत होतो आणि मला पहिल्यांदाच नीट कळलं, की या नाकाला मी रोज झाकत होतो ते केवढं होतं.

शेवटी दोन गाद्या हातात घेऊन ती उठली. एक काकूंच्या नाकाशी धरली. काकूंनी वास घेतला आणि कसनुसं हसल्या. त्यांना काहीच आलं नव्हतं.

“थांबा काकू,” सूनबाई म्हणाली. दोन्ही तळव्यांत गादी दाबून तिनं ती ऊब देत धरली, बराच वेळ. मग तिनं काकूंच्या तोंडाशी ओंजळ उघडली.

काकूंनी श्वास आत घेतला आणि सोडलाच नाही. मग त्यांना रडू फुटलं. उन्हाळ्यापासून अडलेलं असावं.

मास्तर लगबगीनं प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. सूनबाई म्हणाली, “मामंजी, प्लॅस्टिकचा वास लागेल.” त्यांनी वर्तमानपत्र आणलं, त्याला शाईचा वास. नवं कापड काढलं, त्याला खळीचा. एरवी मास्तर तिथंच फटकन काहीतरी बोलले असते. त्या दिवशी मुकाट्यानं एकेक वस्तू तिच्या नाकाशी नेत होते आणि ती नाही म्हणाली की परत ठेवत होते. मग तिची नजर माझ्यावर आली.

मला कळलं. तिलाही कळत होतं, मी नसलो की उद्या बसमध्ये, परवा कुणाच्या लग्नात काय होणार ते. तिनं मला पसरलं, मधे दोन्ही गाद्या ठेवल्या आणि घट्ट गाठ मारली. काकूंच्या हातात दिलं तेव्हा तिची बोटं माझ्यावर जरा रेंगाळली, एवढंच. दारातून बाहेर पडताना मी पाहिलं, मास्तरांनी थानातून पांढरा तुकडा फाडला होता, गरम पाण्याची बादली पुढे ओढली होती, आणि साबणाची वडी उचलून लांब नेऊन ठेवत होते.

आता मी काकूंच्या उशाशी असतो. लवंग, तेल, पितळ आणि ते घड्याळजी, सगळे माझ्या पोटात. माझ्यासारख्या साध्या रुमालाला एवढी जबाबदारी मिळेल असं वाटलं नव्हतं.

काकू मला रोज झोपताना सोडतात आणि यजमानांना दिवसभराचं सांगतात. आज दूध नासलं, गुडघा दुखतोय, भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय. प्रत्येक वेळी गाठ सुटते आणि थोडंसं निसटतं, ते मला कळतं. त्यांना नाही कळत. म्हणून एकच विनंती आहे. काकू, बोलायचं तेवढं बोला, मला न सोडताही बोला. गाठ तेवढी राहू द्या. तेवढेच ते आणखी काही दिवस घरात राहतील.