पाहुण्यांसमोर

मास्तरने गाडी पुन्हा थांबवली तेव्हा मी उतरलोच नाही. काच वर केली आणि समोर बघत बसलो. डाव्या हाताला दरी होती, दरीत धुकं होतं, धुक्यातून झाडांचे शेंडे वर आले होते. असतील. मला जेवायच्या वेळेआधी ताईकडे पोचायचं होतं.

"अरे उतर की," मास्तर बाहेरून काच वाजवत म्हणाला. "हा लाल थर बघ. खाली एक लाव्हा, वर दुसरा, आणि मध्ये ही भाजलेली माती. असं पुस्तकात दाखवता येत नाही."

मास्तर शाळेत भूगोल शिकवतो. गाडी त्याची, स्टिअरिंग त्याच्या हातात, त्यामुळे आमचा प्रवास दगडांच्या मर्जीवर चालला होता. मागच्या सीटवर रेडिओ होता. तो पाण्याचे पंप विकतो आणि झोपेतसुद्धा बोलतो, म्हणून हे नाव. आम्ही तिघं कॉलेजपासूनचे. या दोघांना बरोबर घ्यायची अक्कल माझीच होती, त्यामुळे राग काढायला दुसरं कुणी नव्हतं. आतल्या आत धुमसत बसलो.

आता मूळ भानगड सांगतो. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. कंपनीने बंदराच्या शहरात नवं वर्कशॉप काढलंय आणि ते मला देऊ केलंय. पहिलं वर्षभर राहायला जागा कंपनीची, तिसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीला लिफ्ट नाही. ऑफिसात सगळ्यांचं यावर हसून झालंय, तुम्हीही हसून घ्या. माझ्याकडे बाबा असतात आणि बाबांच्या गुडघ्यांना दारातली पायरीसुद्धा जड जाते. तेव्हा एक तर ताईने बाबांना वर्षभर ठेवून घ्यायचं, नाही तर मी बढतीवर पाणी सोडायचं. साहेबांना उद्या सकाळी उत्तर हवं होतं. मी नाही म्हटलं असतं तर माझ्याच हाताखाली तयार झालेला, मीच पाना धरायला शिकवलेला माणूस तिथे साहेब होऊन जाणार होता. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं, स्पष्टच सांगतो.

मग फोन करून का नाही विचारलं? कारण बाबांचा विषय निघाला की ताईचं आणि माझं तिसऱ्या वाक्याला वाजतं. मी लांब राहते म्हणून टोमणे मारतोस, असं ती म्हणते. मी मारत नाही म्हणतो, तेही टोमणा मारल्यासारखंच. शेवटी कुणीतरी फोन आपटतं.

म्हणून मी डोकं चालवलं. पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही, हा आमच्या आईचा नियम. आई गेली, नियम राहिला. बाहेरचं माणूस घरात असलं की ताई साखरेसारखी गोड होते. दोन मित्र बरोबर असले तर ती ओरडणार नाही, मी हळूच विचारीन आणि चारचौघांत तिला नाही म्हणता येणार नाही. मित्रांना एवढंच सांगितलं की तळ्याकडे फिरून येऊ, वाटेत ताईकडे जेवू. बढतीचं अवाक्षर काढलं नव्हतं. रेडिओला सांगणं म्हणजे गावभर दवंडी.

पोचलो तेव्हा जेवण निवलं होतं. ताई आणि भावोजी रोपवाटिका चालवतात. घराभोवती हिरव्या जाळीखाली पिशव्यांमधली रोपं ओळीने मांडलेली, पायवाटा कायम ओल्या. ताई दारातच उभी होती.

"किती उशीर रे," एवढं मला म्हणाली आणि लगेच त्या दोघांकडे वळून, "या, या, हात धुऊन घ्या. प्रवासाचा त्रास नाही ना झाला?"

त्रास मला झाला होता. मला कुणी विचारलं नाही.

जेवताना विषय काढायचा बेत होता. पण रेडिओने पंपांचं सुरू केलं, भावोजींच्या पंपाला दाब कमी येतो म्हणे, मग भावोजीही खुलले. मी दोनदा घसा खाकरला. दुसऱ्या वेळी ताईने मला पाणी वाढलं.

जेवण झाल्यावर रेडिओ आणि भावोजी पंप बघायला विहिरीवर गेले. मला वाटलं, जमलं. तोवर मास्तर ताईला विचारायला लागला की रोपांना माती कुठून आणता, तिचा रंग असा का. ताई बिचारी सांगत बसली. मी तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेलो.

"ताई, जरा बोलायचं होतं."

"मग बोल की." तिने हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. सबंध दिवसात पहिल्यांदा.

"बाबांचं..."

"ताई, पाणी मिळेल का?" रेडिओ दारात. पाणी घेऊन गेला असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्याने स्टूल ओढलं आणि बसला. ताईचा चेहरा झटकन पाहुण्यांचा झाला. मी मूग गिळून उभा राहिलो. ज्या नियमाच्या भरवशावर आलो होतो तो मलाही लागू होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तू यांना तळं दाखवून आण ना," ताई मला म्हणाली. "मास्तरांना बघायचंय."

टाळतेय, मी मनात म्हटलं. हिला कळलंय आणि ही टाळतेय. अंगाची नुसती आग झाली. मास्तरला घेऊन तळ्यावर गेलो. पाणी स्वच्छ होतं, पलीकडचा डोंगर त्यात उलटा पडला होता, बगळे उभे होते. मास्तर म्हणाला, असं ठिकाण रोज बघायला मिळत असेल तर माणूस किती शांत होईल. मी त्याला म्हटलं, चल परत.

परत आलो तर रेडिओ ताईला भांडी पुसू लागत होता आणि चक्क गप्प होता. ताईचे डोळे लाल होते.

"काय झालं?"

"काही नाही. निघा आता, घाटात अंधार होईल." तिने एक रोप कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "बाबांना सांग, खिडकीत ठेवा म्हणावं."

आणि मी निघालो. विचारायला आलेलं न विचारता, एक रोप मांडीवर घेऊन. भावोजींनी फाटक लावलं, ताईने हात हलवला, मीही हलवला. असा माणूस कुठल्या तोंडाने वर्कशॉप चालवणार होता, कोण जाणे.

घाट सुरू झाला तसा रेडिओ मागून पुढे वाकला.

"तुझं एक काम करून टाकलं मी."

"कुठलं काम?"

"ताई विचारत होत्या, बाबांचं करताना हा कंटाळत नाही ना? काही बोलतो का? मी म्हटलं, ताई, निर्धास्त राहा. जगबुडी झाली तरी हा बाबांना कुठे पाठवायचा नाही. वृद्धाश्रमाचा विषय मी एकदा सहज काढला तर माझ्या अंगावर धावून आला होता. खरंय ना? डोळ्यांत पाणी आलं रे त्यांच्या. तुझी काय छाप पाडून आलोय मी, तुला कल्पना नाही."

मी मांडीवरच्या रोपाचा कागद घट्ट केला. बोललो असतो तर मैत्री तिथेच संपली असती.

"गाडी थांबव," मी मास्तरला म्हटलं.

मास्तर खूश झाला. "पुढच्या वळणावर थांबवतो, तिथून सगळं तळं दिसतं."

वळणावर दोघंही उतरले. मी रोप मागच्या सीटवर ठेवलं, उतरलो आणि मास्तरसमोर हात केला.

"किल्ली दे."

"का रे?"

"दे म्हणतोय ना."

"आणि आम्ही?"

"थर बघा," मी म्हटलं आणि गाडी वळवली.

ताई जाळीखाली होती, हातात पाइप, रोपांना पाणी घालत. मला एकट्याला बघून तिने पाइप खाली केला.

"काय विसरलास?"

"बोलायचं विसरलो."

आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बढती, बंदर, तिसरा मजला, साहेब, उद्या सकाळ. वर्षभर बाबांना ठेवून घे, हेही. मग भांडणाची तयारी करून उभा राहिलो.

ताईने जाऊन नळ बंद केला.

"मग दुपारपासून काय करत होतास?"

"ते दोघं होते ना."

"त्यांना आणलं कुणी?"

मी चपलेने ओली पायवाट उकरली.

"मला वाटलं, तू भांडायला आलायस आणि साक्षीदार घेऊन आलायस," ती म्हणाली. "बाबांना मी गेल्या वर्षीच विचारलंय. मागची खोली मोकळी केली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला, आणि फोन केला की इकडे राहायला या. नाही म्हणाले. नंतरही विचारलं. नाहीच."

"का?"

"तुझ्यामुळे."

"मी कधी अडवलं त्यांना?"

"अडवलं कुठे म्हणतेय मी? ते म्हणाले, त्याला सोडून कसा येऊ? मी वाट बघत बसतो म्हणून तरी तो घरी येऊन जेवतो. नाही तर तिथेच कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात आडवा होईल. एकटा पडेल पोरगा. आणि वर मला बजावलं, त्याला सांगू नकोस, मनाला लावून घेईल."

मला आधी रागच आला. मी बाबांना सांभाळतो, हे मी किती जणांना ऐकवलं होतं. रेडिओला, साहेबांना, शेजाऱ्यांना. आणि बाबा दुखरे गुडघे घेऊन मी येईपर्यंत खुर्चीत बसून राहायचे, ते मला वाटायचं, म्हातारपणी झोप येत नाही म्हणून. राग ओसरला तेव्हा मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. ताईसमोर लपवायचं काही कारण नव्हतं, लपवलंही नाही.

ती पालथ्या कुंडीवर बसली. "आज तुझा तो मित्र म्हणाला, हा त्यांना कध्धी पाठवणार नाही. म्हटलं, झालं. ते तुला सोडायचे नाहीत, तू त्यांना सोडायचा नाहीस. उद्या त्या खोलीत परत कुंड्या भरते."

"तसं नाहीये."

"मग त्यांना सांगितलंस का? बढती मिळतेय, मला जायचंय, असं?"

"नाही."

"विचारलंस, ताईकडे जाल का म्हणून?"

"नाही."

"का? तिथे कोण पाहुणे होते?"

आमच्या घरी कुणी येत नाही. रोज रात्री जेवायला आम्ही दोघंच असतो, बाबा आणि मी, समोरासमोर.